जुन्या टूरिंग गाडीचा सेल्फ लोड घेईना? मोटार बदलायच्या आधी मीटर लावा

आपल्याकडं जुनी थंडरबर्ड, जुनी अ‍ॅव्हेंजर नायतर करिझ्मा अशी मोटरसायकल जिवापाड जपणारे लई लोक आहेत, आणि या काय चौकापर्यंत दूध आणायला जायच्या गाड्या नाहीत, लोक त्यांच्यावर तुळजापूर करतात, माहूर करतात, कन्नडवरून औट्रम घाट उतरून चाळीसगावला जाऊन येतात. अशा गाडीचा सेल्फ, म्हणजे बटन दाबल्यावर इंजिन फिरवणारी मोटार, ढिला पडला की सगळी मजा जाते. आधी बटनाला हात लावला की खणखणीत फिरायचं ते इंजिन कण्हायलाय, एक फेरा, दीड फेरा, आणि टक्. मिस्त्रीकडं नेली की बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर, सेल्फची मोटार गेली, नवीन टाका. आता जुन्या मॉडेलची ओरिजिनल मोटार लवकर मिळत नाही, मिळते ती डुप्लिकेट, ती टाकली की आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि परत तेच सुरू, कारण दुखणं मोटारीत नव्हतंच, ते बॅटरीत नायतर वायरीत होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की मोटार खोलायच्या आधी मीटर लावा, आणि मीटरनं मोटारीकडंच बोट दाखवलं तर मग ती खोलायला घाबरू नका, घरी होणारं काम आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

आधी सेल्फ किती करंट ओढतो ते डोक्यात बसू द्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो. सेल्फची मोटार लोडवर ऐंशी-शंभर अँपिअर सहज ओढते, इंजिन अडकायला लागलं तर त्याच्याही वर. म्हणून "लाइट तर फकफकीत लागतोय, बॅटरी ओके आहे" या बोलण्याला काहीच अर्थ नाही, ५ अँपिअर देणारी बॅटरी १०० देईलच असं नसतंय. आणि एवढ्या करंटला वाटेत कुठं जरा जरी अडथळा आला तरी खेळ संपला. समजा एका ढिल्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला बसवलेलं धातूचं कडं) फक्त ०.०१ ओहमचा रेझिस्टन्स तयार झाला, १०० अँपिअरला तिथंच १ व्होल्ट खाल्ला गेला आणि १०० वॅटची उष्णता त्या सांध्यात तयार झाली. विहिरीवरच्या पाइपलाइनसारखंच आहे हे, मोटार चांगली, पाणी भरपूर, पण जॉइंटमध्ये गाळ अडकला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. असे तीन-चार सांधे असले की मोटारीपर्यंत साडेबाराच्या जागी आठ-नऊ व्होल्टच पोचतात आणि बिचारी मोटार बदनाम होते.

आता कान वापरा, कारण आवाजावरून अर्धं काम होतं. बटन दाबल्यावर कट-कट-कट-कट असा पटापट आवाज आला तर बहुतेक बॅटरी खाली आहे, रिले (जाड वायरीचा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढतो, मोटार करंट मागते, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, परत ओढतो. एकच खणखणीत टक् आणि पुढं शांतता, तर रिलेचे पॉइंट जळलेत, जाड वायर तुटलीय किंवा मोटारीतले कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट देणारे तुकडे) संपलेत. मोटार सुर्रकन फिरतेय पण इंजिन हलत नाही, तर मोटार ठीक आहे, मोटारीचा जोर इंजिनला देणारा वनवे क्लच सुटायलाय, तो विषय वेगळा, पुढं सांगतो. आणि सगळं हळू हळू फिरायलाय, ओढत ओढत, तर तो आपला आजचा रोगी. काहीच आवाज नाही तर आधी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि फ्यूज बघा, मोटारीपर्यंत जायचीच गरज नाही.

बॅटरीपासून सुरू करा. गाडी रात्रभर उभी असू द्या आणि सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असली तर पुढचं काहीच तपासू नका, आधी चार्ज करा. चार्जिंगबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी बॅटरीच्या दुकानात ट्रॅक्टरच्या, जीपच्या मोठ्या बॅटऱ्यांबरोबर आपली छोटी बॅटरी एकाच लाइनीत लावतात आणि मोठ्या करंटवर ठेवतात, ती आतून उकळते आणि तिथंच तिचं आयुष्य जातं. छोट्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागानंच चार्ज करायचं, १४ अँपिअर-अवरची असेल तर १.४ अँपिअर, ९ ची असेल तर ०.९, दहा-बारा तास लागू द्या. दुकानदाराला स्पष्ट सांगा, दादा सावकाश लावा, उद्या नेतो.

पाण्याची बॅटरी असेल तर आपल्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघायलाच पाहिजे. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी, बॅटरीचं पाणी उडून प्लेटा उघड्या पडतात आणि उघडी पडलेली प्लेट परत पूर्वीसारखी होत नाही. डिस्टिल वॉटरच टाका, बोअरचं नाही, नळाचं नाही, आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरीला विषासारखे आहेत. थंडीचंही तसंच, डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकड्यावर येतो तेव्हा उन्हाळ्यात निभावून नेलेली म्हातारी बॅटरी सकाळी सकाळी हात वर करते.

बॅटरी भरली, आता खरी परीक्षा. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू होऊ नये म्हणून प्लगची कॅप काढा, त्यात एखादा जुना प्लग घालून त्याची बॉडी इंजिनला पक्की टेकवा, कॅप मोकळी लोंबती ठेवू नका, सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) खराब व्हायची भीती असते. दोन प्लगच्या गाडीत दोन्हीला तसंच करायचं. इंजिनमधला प्लग आहे तिथंच राहू द्या, कारण तो काढला तर कॉम्प्रेशन जातं, मोटारीवर लोडच येत नाही आणि रीडिंग फसवं येतं. आता मीटर बॅटरीच्या टोकांवर धरून जोडीदाराला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक, साडेनऊच्या खाली गेला तर गडबड आहे.

इथं थांबून नीट विचार करा, सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. सेल्फ हळू फिरतोय आणि बॅटरी साडेअकरावर टिकून आहे, याचा अर्थ करंट जातच नाही, वाटेत अडथळा आहे, वायर, रिले, अर्थिंग नायतर घासलेले कार्बन. सेल्फ हळू फिरतोय आणि बॅटरी धाडकन आठवर आली, याचा अर्थ एक तर बॅटरी आतून कमजोर आहे नायतर मोटार गरजेपेक्षा जास्त करंट ओढतेय, म्हणजे आर्मेचर (मोटारीतला फिरता भाग) शॉर्ट आहे किंवा कुठंतरी घासतंय. या दोन्हींत फरक करायला दुसरी खात्रीची १२ व्होल्टची बॅटरी लावून बघा, कारची चालेल, जंपर केबलनं, पण कारचं इंजिन बंदच ठेवा. दुसऱ्या बॅटरीनं सेल्फ खणखणीत फिरला तर तुमची बॅटरी गेली, काम संपलं, मोटारीला हात लावू नका. दुसऱ्या बॅटरीवरही कण्हतोय तर पुढं चला.

आता वायरींचा हिशोब. बरेच लोक इथं मीटर ओहमवर ठेवून वायर तपासतात आणि "वायर ओके" म्हणून मोकळे होतात. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो, त्याला ०.०१ काय दिसणार. शंभर तारांतली एक तार जरी शिल्लक असली तरी कंटिन्युटीचं बीप वाजतंच. म्हणून सेल्फ चालू असतानाच व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, खांबावर बरं का, थिंबलवर नाही, दुसरं टोक मोटारीच्या टर्मिनलच्या बोल्टवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक. जास्त आलं तर तुकड्या-तुकड्यानं मोजा, खांब ते थिंबल, थिंबल ते रिले, रिलेचे दोन जाड बोल्ट एकमेकांत, रिले ते मोटार, ज्या तुकड्यात आकडा मोठा तिथंच चोर आहे. रिलेच्या दोन बोल्टांमध्ये ०.२-०.३ च्या वर दिसलं तर आतले पॉइंट जळालेत, रिले बदला, त्याला खोलून घासत बसण्यात अर्थ नाही.

आणि एक, हे सगळं व्होल्टवरच. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून सेल्फच्या लाइनीत घालू नका, त्याची झेप १० अँपिअरची असते, फ्यूज नायतर मीटरच जाईल. करंट बघायचाच असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, घरगुती वायरिंगवाल्यांकडचा स्वस्त क्लॅम्प बहुतेक फक्त एसी मोजतो, तो इथं शून्य दाखवेल.

मायनसची बाजू लोक कायम विसरतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं मोटारीच्या बॉडीवर उघडा धातू बघून, सेल्फ मारा, ०.२-०.३ व्होल्टच्या वर यायला नको. जुनी गाडी रिस्टोअर केलेली असेल, फ्रेमला पावडर कोटिंग केलेलं असेल, तर सगळ्यात आधी इथंच बघा. रंगवाल्यानं अर्थिंगच्या बोल्टखालीसुद्धा कोटिंग मारलेलं असतं, बोल्ट आवळला की आटे जरा धातूला लागतात, लाइट-हॉर्न चालतात, आणि सेल्फ मात्र मरतुकडा. तिथलं कोटिंग थिंबलच्या मापाएवढं खरवडून धातू चमकू द्या, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. खात्री करायची असेल तर जंपर केबलचं एक टोक मायनसला आणि एक थेट इंजिनच्या बॉडीला लावून सेल्फ मारा, फरक लगेच कळतो.

वायर बदलायची वेळ आली तर ओरिजिनलपेक्षा बारीक घेऊ नका, जाड चालेल. ट्रॅक्टर-जीपचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करणारं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आपल्याकडं प्रत्येक तालुक्याला आहे, तिथं तांब्याची जाड केबल मापानं कापून मिळते आणि थिंबल दाबायचं यंत्रही असतं. थिंबल हातोड्यानं चेचून नाही तर यंत्रानंच दाबून घ्या. काळ्या मातीतून, उसाच्या फडातल्या रस्त्यानं गाड्या जातात, तो चिखल वायरीच्या रबरी टोपीत जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो, आत तांबं हिरवं पडतं, वरून वायर नवीच दिसते. टोपी मागं सारून बघितल्याशिवाय वायर चांगली म्हणू नका.

हे सगळं ठीक निघालं, मोटारीच्या टर्मिनलवर सेल्फ मारताना दहाच्या आसपास व्होल्ट पोचायलेत, अर्थिंग चोख आहे आणि तरी मोटार कण्हतेय, तर आता मोटार खोलायची.

आधी बॅटरीची मायनस काढा. मग मोटारीवरची जाड वायर. ही वायर काढताना आतला नट एका पान्यानं धरून बाहेरचा नट सोडायचा, नाहीतर तांब्याचा बोल्ट आतल्या आत फिरतो आणि आतलं इन्सुलेशन फाटतं. मोटार बहुतेक गाड्यांत सिलिंडरच्या मागं क्रँककेसवर बसलेली असते, काहींत पुढं, दोन बोल्टांवर. बोल्ट काढले की ती ओरिंगच्या (रबरी कडं) पकडीमुळं चिकटून बसते, पेचकस घालून उचकटायचं नाही, अ‍ॅल्युमिनियमचा काठ तुटतो, हातानं डावी-उजवीकडं हलवत सरळ ओढायची. काढायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशनं झटकून घ्या, कारण मोटार निघाल्यावर जे भोक उघडं पडतं ते थेट इंजिनमध्ये जातं, तिथं स्वच्छ फडकं कोंबून ठेवा.

मोटारीवर बॉडी आणि दोन्ही झाकणं यांच्या आरपार मार्करनं किंवा खिळ्यानं रेघ मारा. ही रेघ मारायचा कंटाळा अजिबात करू नका. आतली मॅग्नेटं आणि कार्बनची प्लेट यांचं नातं ठरलेलं असतं, बॉडी उलटी किंवा फिरवून बसली तर मोटार चक्क उलटी फिरते, वनवे क्लच पकडतच नाही, आणि मग माणूस क्लच गेला म्हणून इंजिन खोलायला निघतो. दोन लांब स्क्रू काढा, जुन्या गाडीत ते गंजून बसलेले असतात, गंज सोडवायचं तेल मारून तासभर थांबा आणि बरोब्बर मापाचाच स्क्रू ड्रायव्हर लावा. झाकण हळू उचला, दोन्ही बाजूंना बारीक वायसर असतात, किती आणि कुठल्या क्रमानं ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॉडीला हातोडा लावायचा नाही, आत परमनंट मॅग्नेट चिकटवलेले असतात, एका ठोक्यात तडकतात नायतर सुटतात. मॅग्नेट सुटलेलं किंवा तुटलेलं निघालं तर मात्र ती बॉडी वाचवण्याच्या भानगडीत पडू नका.

आत काळी पूड दिसेल, ती कार्बनची, करंट वाहून नेणारी, तीच साठून प्लसच्या कार्बनपासून बॉडीपर्यंत रस्ता तयार करते. तोंडाला रुमाल बांधा, फुंकर मारू नका, जुन्या टूथब्रशनं झटका आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. आर्मेचर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचं नाही, वार्निश सुटतं. पूड कोरडी असेल तर बरं, पण काळा चिखल झालेला असेल तर इंजिनच्या बाजूचा ऑइल सील गेलाय, तो बदलल्याशिवाय नवीन कार्बन टाकले तर ते पण तेलात भिजून वाया जातील. आणि तांबूस गंज दिसला तर पाणी शिरलंय, झाकणांच्या ओरिंगा बदला, वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाइप मोटारीवर धरू देऊ नका.

आता कार्बन. नव्याच्या लांबीच्या निम्म्याखाली आले असतील तर बदलायचेच, आणि लांबी पुरेशी असली तरी स्प्रिंग बघा, स्प्रिंग निळी-काळी पडली असेल, दाब कमी झाला असेल, तर लांब कार्बन असूनही पकड नाही. कार्बन आपल्या खाचेत मोकळा वर-खाली झाला पाहिजे. आता आपल्याकडचा एक जुगाड सांगतो जो अजिबात करायचा नाही. ड्रिल मशीनचा नायतर मिक्सरचा कार्बन घासून मापात आणून सेल्फमध्ये बसवतात. दिसायला तो कार्बनच आहे, पण सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं भरपूर मिसळलेलं असतं, म्हणूनच तो शंभर अँपिअर सोसतो, मिक्सरचा कार्बन २३० व्होल्टवर दोन-तीन अँपिअरसाठी बनवलेला असतो, त्याचा रेझिस्टन्स जास्त. तो बसवला की सेल्फ पहिल्यापेक्षाही ढिला होतो. तुमच्या मॉडेलचा सेट नाही मिळाला तर त्याच मापाचा दुसऱ्या गाडीच्या सेल्फचा घ्या, तो चालतो.

कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल. त्याच्यावर फिकट चॉकलेटी झाक असेल तर ती निरोगी आहे. काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून आर्मेचर हातानं फिरवत साफ करा. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण करंट वाहतात आणि पट्ट्यांच्या मधल्या खाचांत अडकतात. मग त्या खाचा बघा, त्यातला अभ्रक तांब्याच्या अर्धा मिलिमीटर तरी खाली पाहिजे, वर आला असेल तर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याला ग्राइंडरवर बारीक करून एकेक खाच ओढून काढा, वेळखाऊ काम आहे, शांतपणे करा. कार्बननं तांब्यात खोल चर पाडला असेल तर लेथवर अगदी हलका कट मारून घ्यावा लागतो.

मीटर परत हातात घ्या, आता ओहमवर. शेजारच्या दोन पट्ट्यांत कंटिन्युटी पाहिजे, सगळ्या जोड्या फिरून बघा. कुठलीही पट्टी आणि मधला शाफ्ट यांच्यात काहीच यायला नको, आलं तर वायंडिंग बॉडीला लागलंय. एखादी-दुसरीच पट्टी जास्त जळालेली दिसली तर तिथलं वायंडिंग शॉर्ट किंवा तुटलेलं असू शकतं, ते साध्या मीटरला नीट कळत नाही, ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडं ग्रोलर असतो, त्यावर आर्मेचर ठेवून वरून हॅक्सॉचं पातं फिरवतात, शॉर्ट असेल तिथं पातं थरथरतं. दोन मिनिटांचं काम, जरूर करून घ्या. आणि प्लसचा टर्मिनल बोल्ट व झाकण यांच्यातही कंटिन्युटी नको, तिथला फायबरचा वायसर नायतर प्लास्टिकची बुशिंग तडकलेली असते, पुष्कळदा सगळा रोग तेवढाच निघतो.

शाफ्ट बुशमध्ये (तो ज्या धातूच्या नळीत फिरतो ती) डुलतोय का बघा. आर्मेचरच्या अंगावर एका बाजूनं घासल्याच्या चमकदार खुणा असतील तर बुश संपलंय, आर्मेचर मॅग्नेटला लागतंय, यामुळंच ती जास्त करंट ओढायलीय. नवीन बुश बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत घाला, ती सच्छिद्र असते, तेल पिते आणि पुढं तेच वापरते. बेअरिंग असेल तर हातानं फिरवून बघा, खरखर आली की बदला.

बसवताना सगळ्यात जास्त वैताग कार्बन देतात, स्प्रिंग त्यांना बाहेर फेकते. सोपा उपाय, कार्बन खाचेत पूर्ण मागं दाबून स्प्रिंग त्याच्या बाजूला टेकवून ठेवा म्हणजे तो अडकून राहतो, कम्युटेटर आत गेला की बारीक पेचकसनं स्प्रिंग परत पाठीवर सरकवा. काही मोटारींत असं जमत नाही, तिथं मजबूत दोऱ्यानं कार्बन मागं ओढून धरायचे आणि नंतर दोरा काढून घ्यायचा. आधी आर्मेचर कार्बनच्या प्लेटमध्ये बसवा, मग बॉडी चढवा, मॅग्नेट झटक्यात ओढतं, बोटं सांभाळा. बुशला आणि सीलच्या ओठाला अगदी बोटाच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस, कम्युटेटरकडं ग्रीसचा कणही जायला नको. रेघा जुळवा, लांब स्क्रू आळीपाळीनं आवळा आणि शाफ्ट हातानं फिरतोय याची खात्री करा.

गाडीवर चढवायच्या आधी जमिनीवर चालवून बघा. मोटारीचे कान, म्हणजे बोल्ट लागतात ती टोकं, व्हाइसमध्ये धरा, बॉडी नाही. आधी जंपर केबलनं बॅटरीची मायनस मोटारीच्या बॉडीला, मग प्लस टर्मिनलला टेकवा, दोन-तीन सेकंदच. ती जोरात उसळी मारते म्हणून सैल धरून करू नका, आणि शेवटची ठिणगी बॅटरीजवळ नाही तर मोटारीजवळ पडू द्या, बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. एकसारखा सुरेल आवाज आला की काम झालं. मोटारीची आणि इंजिनची बसायची जागा घासून धातू उघडा करा, मोटारीला अर्थिंग तिथूनच मिळतं, तिथं सिलिकॉन गम किंवा रंग अजिबात नको. नवीन ओरिंगला तेलाचा हात, फडकं काढलं का बघा, मोटार सरळ ढकला, बोल्ट बेताचे आवळा, ६ एमएमच्या बोल्टाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. बॅटरीची मायनस सगळ्यात शेवटी.

काहींची तक्रार वेगळी असते, सकाळी पहिल्या झटक्यात चालू, पण बीड सोडून मांजरसुंब्याला चहाला थांबलं की परत सेल्फ घेत नाही, अर्ध्या तासानं आपोआप घेतो. हे बॅटरीचं नाही, प्रवासात ती भरलेली असते. तांबं गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यानं वाढतो, इंजिनच्या धगीनं मोटार २५ वरून ८५ अंशांवर गेली तर रेझिस्टन्स जवळजवळ पाव पट वाढला, शिवाय मॅग्नेटही गरम झाल्यावर थोडं मंदावतं. चांगली मोटार हे सोसते, कार्बन संपत आलेली सोसत नाही. असं गरमीत अडणं सुरू झालं की कार्बन बदलायची वेळ आली समजा, पुढच्या ट्रिपची वाट बघू नका. वाटेत अडकलातच तर मोटारीच्या मागच्या झाकणावर पेचकसच्या लाकडी मुठीनं हलकेच टकटक करा, अडकलेला कार्बन बसतो, एखादा सेल्फ मिळून जातो. नाहीतर चावी लावून दुसऱ्या गिअरवर धक्का, जुन्या अ‍ॅव्हेंजर २२० ला किक नाही म्हणून तिच्यावाल्यांनी गाडी उताराला तोंड करूनच लावायची सवय ठेवावी.

आणि ढिल्या सेल्फला बटन दाबून दाबून रेटू नका. पाच सेकंदांच्या वर एका वेळी नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबा. मोठ्या सिंगल सिलिंडर गाडीत कमजोर सेल्फ पिस्टनला वरच्या टोकापलीकडं ढकलू शकत नाही, तेवढ्यात प्लग पेटतो आणि इंजिन उलटा झटका देतं, तो झटका वनवे क्लचच्या रोलरवर नायतर स्प्रॅगवर बसतो. मोटार सुर्र फिरते आणि इंजिन हलत नाही ते इथून सुरू होतं. त्याच्यासाठी इंजिनचं साइड कव्हर आणि आतलं मॅग्नेटचं चाक काढावं लागतं, त्याला पुलर लागतो, खर्च कार्बनच्या सेटच्या कित्येक पट, आणि ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

शेवटी गाडी चालू करून चार हजार आरपीएमच्या आसपास बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.५ पाहिजे. कमी असेल तर रेक्टिफायर (चार्जिंगचा करंट एसीचा डीसी करणारा भाग) नायतर कॉइल बघा. टूरिंगच्या गाडीवर फॉग लाइट, मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर असं कायकाय लावलेलं असतं, ते सगळं चालू ठेवूनही मोजा, १३ च्या खाली जात असेल तर गाडी चालतानाच बॅटरी रिकामी होतेय. ट्रॅकर थेट बॅटरीला जोडला असेल तर चावी काढून, मायनसच्या लाइनीत मीटर मिलिअँपिअरवर घालून बघा, इथं मात्र सेल्फला चुकूनही हात लावायचा नाही. २० मिलिअँपिअर गळती म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर, १४ ची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी. सुगीच्या दिवसांत गाडी महिना-महिना हलत नाही, तेव्हा ट्रॅकरचा फ्यूज काढून ठेवा नायतर मायनसच सोडून ठेवा, आणि सगळी रीडिंगं तारीख टाकून गाडीच्या पुस्तकात लिहा, पुढच्या वेळी सेल्फ जरा जरी जड वाटला तरी कुठला आकडा हलला ते लगेच सापडतं.